कारखान्यात बनलेल्या शिकारी रायफलींची घडण कशी पारखावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातील आणि जिल्ह्यातील परवानाधारक, निवृत्त जवान, नेमबाजीची आवड असलेले तरुण आणि वडिलांची किंवा आजोबांची रायफल वारसाने नावावर करून घेणारी मंडळी रायफलीच्या घडणीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एकाच प्रश्नाभोवती ती फिरतात: कारखान्याने पैसा नेमका कुठे खर्च केला आणि कुठे वाचवला? कोणतीही कारखानी रायफल हा अशा निवडींचा हिशेब असतो आणि तो वाचता आला की किंमत, नाव आणि चकाकी यांचा प्रभाव बराच कमी होतो.

शिकारीवर बंदी असताना शिकारी रायफलींची चर्चा कशासाठी?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे. नान्नजच्या माळावरचे काळवीट असो वा करमाळ्याच्या रानातला ससा, येथील कोणतीही माहिती त्या दिशेने वाचू नये. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबाबतही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही करता येत नाही. तरीही या प्रकारच्या रायफली जिल्ह्यात आहेत. काही पीकसंरक्षणाच्या किंवा स्वसंरक्षणाच्या परवान्यावर आहेत, काही जुन्या घराण्यांतून चालत आल्या आहेत. सैनिकी नव्हे, स्पर्धेची जड रायफलही नव्हे, तर खांद्यावर वागवता येईल अशा वजनाची, बहुधा बोल्ट पद्धतीची (म्हणजे मागचा पोलादी दांडा, बोल्ट, हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायची) रायफल, एवढाच येथे 'शिकारी' या विशेषणाचा अर्थ घ्यावा.

पारख महत्त्वाची होण्याचे आणखी एक कारण कायद्यातच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. ज्यांच्या घरी तीन होती त्यांना एक सोडावे लागले, आणि कोणते ठेवायचे हा निर्णय अनेकांनी केवळ दस्त्याच्या लाकडाकडे पाहून घेतला, ही खेदाची गोष्ट आहे.

घडण चांगली म्हणजे रायफल अचूक, असे समजावे काय?

नाही, आणि हा गोंधळ सर्वांत जास्त आढळतो. अचूकता, भरवसा आणि टिकाऊपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर नाण्याएवढ्या जागेत पाच गोळ्या बसवणाऱ्या रायफलीचे मॅगझिन प्लास्टिकचे आणि कुचकामी असू शकते. उलट मॉझर या जर्मन कंपनीची १९३० च्या दशकातील एखादी रायफल काडतूस ओढण्यात आणि बाहेर फेकण्यात आजही चुकणार नाही, पण तिची नळी झिजलेली असल्यामुळे नेम पसरट पडेल. परिष्करण, म्हणजे मुलामा, लाकडाची चमक आणि हाताच्या पकडीवरची कोरीव जाळी, ही चौथी बाब. ती डोळ्यांत प्रथम भरते आणि रायफलीविषयी सर्वांत कमी सांगते.

नळीत नेमके काय पाहावे? हॅमर-फोर्ज नळी सर्वोत्तम असते हे खरे आहे काय?

नळीच्या आतील सर्पिल आटे पाडण्याच्या तीन पद्धती प्रामुख्याने वापरात आहेत. पहिलीत एका धारदार हत्याराने प्रत्येक आटा थोडा थोडा कापत नेतात. ही पद्धत संथ आहे आणि आज ती मुख्यतः स्वतंत्रपणे नळ्या बनवणाऱ्या कसबी कारागिरांकडे उरली आहे. दुसरीत कार्बाइडचे 'बटण' भोकातून दाबून ओढतात किंवा ढकलतात, त्यामुळे धातू कापला न जाता दबून आटे उमटतात. सॅव्हेज या अमेरिकी कंपनीच्या नळ्या अशा बनतात. तिसरी पद्धत शीत हॅमर-फोर्जिंगची. भोकात आट्यांची उलटी प्रतिमा असलेला कठीण दांडा घालून बाहेरून हातोड्यांचा मारा करतात आणि काही मिनिटांत नळी तयार होते. साको-टिक्का, श्टायर, रूगर आणि होवा या कंपन्यांनी हा मार्ग धरला. श्टायरच्या अनेक नळ्यांवर हातोड्यांचे नागमोडी ठसे मुद्दाम तसेच ठेवलेले दिसतात, आणि ज्यांना हे ठाऊक नसते ते त्याला खराब काम समजतात.

हॅमर-फोर्जिंगचे यंत्र फार महाग असते, पण ते एकदा बसले की हजारो नळ्या सारख्या निघतात. म्हणून मोठ्या कारखान्यांनी ते स्वीकारले. ते मुळातच श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे. तिन्ही पद्धतींतून उत्तम नळ्या निघतात आणि तिन्हींतून टाकाऊही. बटण किंवा हातोडा या दोन्हींमुळे पोलादात ताण साचतो. तो योग्य तापमानाला तापवून, सावकाश निववून काढला नाही, तर नळी बाहेरून बारीक करताना आतले भोक किंचित उघडते, किंवा काही गोळ्या झाडून नळी तापली की नेम एका बाजूला सरकू लागतो. ही तापवण्याची पायरी बाहेरून दिसत नाही आणि म्हणूनच वाचवायला सोपी असते.

पुढचा प्रश्न चेंबरचा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीचा. चेंबर कोरणारा रीमर झिजत जातो. नव्या रीमरचे चेंबर सैल बाजूला आणि वारंवार धार लावलेल्या रीमरचे घट्ट बाजूला झुकते. दोन्ही मर्यादेत असू शकतात, तरी एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगळ्या वागण्याचे हे एक साधे कारण आहे. चेंबर आणि नळीचे भोक एकाच अक्षावर आहेत की नाहीत, ही त्याहून मोठी गोष्ट, कारण तिरक्या चेंबरातून गोळी आट्यांत तिरकीच शिरते आणि पुढे कोणतीही दुर्बीण ते दुरुस्त करू शकत नाही. शेवटी नळीचे तोंड: गोळी नळी सोडते त्या कडेवर एका बाजूला जरी ओरखडा असला, तरी मागून येणारा वायू असमान सुटतो आणि गोळी ढळते. चांगल्या कारखान्यात ही कडा आत दबवून सुरक्षित ठेवतात.

पोलादाबद्दल फार चिंता करू नये. बहुतेक कारखाने क्रोम-मॉली जातीचे ४१४० किंवा त्याच्या जवळचे पोलाद वापरतात, स्टेनलेससाठी ४१६ जातीचे. तरी 'स्टेनलेस म्हणजे निर्धास्त' असेही नाही. २००४ साली साको आणि टिक्काच्या काही स्टेनलेस नळ्यांचे पोलाद सदोष आढळल्यामुळे त्या परत मागवाव्या लागल्या होत्या, आणि या कंपनीचा लौकिक तेव्हाही उत्तमच होता.

रिसिव्हर घडीव असावा, ओतीव असावा की कांबीतून कापलेला?

अक्कलकोट रस्त्यावरच्या किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी लेथ आणि मिलिंग मशीनवर दिवस काढले आहेत, त्यांना हा मुद्दा इतरांपेक्षा लवकर समजेल. मॉझर ९८ चा रिसिव्हर, म्हणजे ज्यात नळी बसते आणि बोल्ट सरकतो तो मधला भाग, घडीव तुकड्यातून निघतो. त्याचा तळ सपाट असतो आणि धक्का झेलणारा लग, म्हणजे दस्त्यात अडकणारा उंचवटा, त्याच्याच अंगाचा भाग असतो. असा आकार यंत्रावर आणायचा तर तुकडा पुन्हा पुन्हा वेगळ्या पकडीत बांधावा लागतो आणि प्रत्येक बांधणीत वेळ व चूक दोन्ही वाढतात. रेमिंग्टनने १९६२ साली मॉडेल ७०० बाजारात आणले तेव्हा रिसिव्हर सरळ गोल ठेवला, म्हणजे तो लेथवर झटपट निघतो, आणि लग म्हणून एक जाड चकती नळी व रिसिव्हर यांच्यामध्ये आवळून टाकली. खर्च प्रचंड वाचला. गंमत अशी की गोल भाग अचूक करणे सोपे असल्यामुळे अचूकतेचे नुकसान झाले नाही. पुढे याच आराखड्यावर कितीतरी लक्ष्यवेधी रायफली उभ्या राहिल्या. तोटा इतरत्र आहे: बोल्टची मूठ बोल्टच्या अंगातून घडवलेली नसून ब्रेझिंगने जोडलेली असते, आणि एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस चेंबरातून ओढून काढणारा आकडा, लहानसा असतो.

ओतीव म्हटले की आपल्याकडे लोकांना बीड (ठिसूळ ओतीव लोखंड) आठवते आणि ते नाक मुरडतात. रूगरने १९६८ साली आणलेल्या मॉडेल ७७ चा रिसिव्हर ओतीव आहे, पण तो मेणाच्या नमुन्यावरून साचा करून ओतलेल्या मिश्र पोलादाचा आहे आणि नंतर त्यावर उष्णतेची प्रक्रिया होते. त्याचा बिडाशी संबंध नाही. या पद्धतीमुळे सपाट तळ आणि अंगचा लग हे मॉझरचे गुण कमी यंत्रकामात मिळाले. शिवाय पुढचा स्क्रू तिरका ठेवून रिसिव्हर दस्त्यात खाली आणि मागे ओढला जाईल अशी योजना केली. अशा रायफली तुटल्याच्या तक्रारींपेक्षा त्या जड आणि थोड्या खरखरीत असल्याच्या तक्रारी जास्त ऐकू येतात, आणि त्या रास्त आहेत.

जपानच्या होवा १५०० मध्ये रिसिव्हर घडीव आहे, तळ सपाट आहे आणि लग अंगचा आहे. वेदरबी व्हॅनगार्ड हीच रायफल वेगळ्या नावाने आणि दस्त्यासह विकली जाते. माझ्या मते मध्यम किमतीत घडीव कामाचा एवढा ऐवज फार थोड्या ठिकाणी मिळतो. यंत्रमागांच्या शहराला एक तपशील आवडेल: होवाचे मूळ १९०७ साली साकिची टोयोडा यांच्या मागांसाठी स्थापन झालेल्या कंपनीत आहे.

नखीचा एक्स्ट्रॅक्टर की साधा? याचा घडणीशी काय संबंध?

मॉझर ९८ मध्ये बोल्टच्या बाजूने लांब नखी असते. मॅगझिनमधून काडतूस वर येताच ती त्याची कड पकडते आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. बोल्ट अर्धवट पुढे नेऊन मागे ओढला तरी दोन काडतुसे एकमेकांवर आदळत नाहीत. साध्या पद्धतीत बोल्ट काडतूस नुसते पुढे ढकलतो आणि शेवटी लहान आकडा त्याच्या कडेवर बसतो. नखीची पद्धत महाग आहे, कारण मॅगझिनचे ओठ, फीड रॅम्प (काडतूस चेंबरात चढवणारा उतार) आणि नखी यांचे एकमेकांशी जुळणे हातानेच साधावे लागते. म्हणूनच नखी असूनही घाईने जुळवलेली रायफल साध्या पद्धतीच्या नीट जुळवलेल्या रायफलीपेक्षा वाईट ठरते. बनावट काडतुसे (म्हणजे दारू नसलेली, सरावाची) पाच भरून बोल्ट संथ आणि मग वेगाने चालवून पाहिल्याशिवाय कोणतेही मत देऊ नये.

पूर्वीच्या रायफली आजच्यापेक्षा चांगल्या होत्या, हे खरे आहे काय?

हा वाद विंचेस्टर मॉडेल ७० वरून सुरू होतो. १९३६ साली आलेल्या या रायफलीत मॉझरची नखी, कापून काढलेली जाळी आणि भरपूर हातकाम होते. मजुरी वाढली तसा हिशेब बसेना, आणि १९६४ साली कारखान्याने नखी काढून टाकली, जाळी कापण्याऐवजी लाकडात दाबून उमटवली, नळी आणि दस्त्यामध्ये डोळ्यांना खुपेल एवढी फट ठेवली. ग्राहक इतके नाराज झाले की '६४ पूर्वीची' हा किमतीचा स्वतंत्र वर्ग बनला आणि १९९० च्या दशकात कंपनीला नखी परत आणावी लागली.

मात्र या गोष्टीचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. १९६४ नंतरच्या रायफली लक्ष्याच्या कागदावर मागे नव्हत्या. लोकांचा राग परिष्करणावर आणि नखीवर होता, नेमावर नव्हता. आज संगणकचलित यंत्रांमुळे मधल्या किमतीच्या रायफलीचे धातुकाम १९६० च्या चांगल्या रायफलीपेक्षा अधिक एकसारखे असते. हातकाम मात्र त्या तोडीचे मिळत नाही. जुन्यापैकी मानलिखर-शोनाउअरच्या फिरत्या मॅगझिनचा आणि बोल्टचा गुळगुळीतपणा ज्याने एकदा अनुभवला, त्याला नव्या रायफली कोरड्या वाटणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

स्वस्त रायफली एवढ्या अचूक कशा मारतात?

कारण बचत विचारपूर्वक केलेली असते. सॅव्हेज ११० चे उदाहरण घेऊ. १९५८ पासून चालत आलेल्या या आराखड्यात नळी रिसिव्हरमध्ये एका मोठ्या नटाने आवळतात. जोडणारा कामगार चेंबरात गेज (ठरावीक मापाचा ठोकळा) ठेवतो, नळी गेजला टेकेपर्यंत फिरवतो आणि नट घट्ट करतो. आटे आणि खांदा सूक्ष्म मापाने जुळवण्याचे कौशल्याचे काम उरतच नाही. बोल्टचे डोके वेगळे असून ते पिनवर किंचित हलते, त्यामुळे बोल्ट अडकवून ठेवणारे दोन्ही लग (धक्का झेलणाऱ्या लगपेक्षा हे वेगळे) रिसिव्हरवर आपोआप सारखे टेकतात. दिसायला नट ओबडधोबड आहे, पण ज्या दोन गोष्टींवर अचूकता अवलंबून असते त्या दोन्ही कुशल हाताशिवाय साधल्या जातात. मला हा आराखडा आवडतो, रायफल मात्र हातात घेताना फारशी आवडत नाही.

टिक्काचा हिशेब आणखी चलाख आहे. २००३ साली आलेल्या टी३ मध्ये सर्व काडतुसांसाठी एकाच लांबीचा रिसिव्हर वापरला. फक्त बोल्टचा अडसर आणि मॅगझिन बदलते. मॅगझिन, बोल्टची मागची टोपी आणि साध्या आवृत्तीचा दस्ता प्लास्टिकचा. धक्का झेलणारा लग म्हणजे दस्त्यात बसवलेली ॲल्युमिनियमची सुटी पट्टी होती, जिच्यावर जोरकस काडतुसांमुळे खाच पडू शकते. २०१६ च्या टी३एक्समध्ये ती पोलादाची झाली. या सगळ्यांत वाचलेला पैसा नळीत आणि बोल्टच्या घसरणीत घातलेला दिसतो, आणि त्या नळ्या फिनलंडमधील रीहिमाकीच्या त्याच कारखान्यात बनतात जिथे दुप्पट किमतीच्या साकोच्या बनतात. रूगर अमेरिकन ही त्याहून स्वस्त. रिसिव्हर कांबीतून कापलेला, दस्ता हलका आणि पोकळ, पण रिसिव्हर ज्यावर बसतो ते व्ही आकाराचे पोलादी ठोकळे दस्त्यात ओतून बसवलेले. म्हणजे जिथे गरज आहे तिथे धातू, बाकी प्लास्टिक.

चाप आणि सेफ्टी यांत घडणीचा दोष कसा ओळखावा?

हा भाग सौंदर्याचा नसून जिवाचा आहे. रेमिंग्टन ७०० च्या जुन्या चापाविषयी अमेरिकेत अनेक वर्षे खटले चालले. नंतरच्या एक्स-मार्क प्रो चापाच्या २००६ ते २०१४ मधील रायफली २०१४ साली परत मागवण्यात आल्या, कारण जोडणीच्या वेळी वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाला की चाप न ओढता रायफल सुटण्याचा धोका होता. आराखडा ठीक असूनही जोडणीच्या टेबलावरचा एक थेंब केवढा महाग पडतो, ते यातून दिसते. सॅव्हेजने चापाच्या मधोमध पाते बसवून वेगळा मार्ग काढला: बोट त्या पात्यावर नसेल तर सुटलेला चापही अडतो.

तपासणी विक्रेत्याच्या देखरेखीखाली, रायफल रिकामी असल्याची दोघांनी खात्री करून आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवूनच करावी. सेफ्टी लावून चाप जोरात दाबावा, सोडावा, मग चापाला हात न लावता सेफ्टी काढावी. आघातपिन सुटता कामा नये. बोल्ट जोरात बंद केल्यावरही ती सुटता कामा नये. यांपैकी एकदाही ती सुटली, तर इतर गुणांची चर्चा थांबवावी.

ईशापूरची .३१५ परदेशी रायफलींच्या तुलनेत कशी आहे?

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक परवानाधारकांसाठी खरा प्रश्न हाच आहे, कारण सामान्य परवान्यावर परदेशी रायफल मुक्तपणे आयात करता येत नाही आणि हाती येते ती जुनी, हस्तांतरित. पश्चिम बंगालमधील ईशापूरची रायफल फॅक्टरी २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यापासून ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड या कंपनीत आहे. काडतूस ८ × ५० मिलिमीटर मानलिखर वंशाचे, कड असलेले; ब्रिटिशांनी .३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांना नाकारल्यामुळे ते हिंदुस्थानात रुजले. .३१५ ची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीत बनतात.

रायफलीचा बोल्ट ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या वळणाचा आहे. बोल्ट अडकवणारे लग मागे असतात, त्यामुळे गोळी सुटताना बोल्ट आणि रिसिव्हर पुढे लग असलेल्या मॉझरपेक्षा जास्त ताणले जातात. त्यावरून ती कच्ची ठरत नाही, कारण .३१५ चा दाब आणि वेग आजच्या मानाने माफक आहेत. मागचे लग म्हणजे नेम वाईट हेही खरे नाही. १९६७ ते १९८३ दरम्यान बनलेल्या रेमिंग्टन ७८८ ला मागे नऊ लग होते आणि ती स्वस्त रायफल अचूकतेसाठी नावाजली गेली. ईशापूरच्या रायफलीत कमतरता असते ती परिष्करणात आणि एकसारखेपणात. हत्याराच्या खुणा राहिलेल्या असतात, चाप जड असतो, दस्त्याचे लाकूड आणि धातू यांचा मेळ कधी उत्तम तर कधी ढिला असतो. म्हणून या रायफलीबाबत 'मॉडेल कसे आहे' हा प्रश्न निरुपयोगी आहे. 'ही एक रायफल कशी आहे' एवढाच विचारावा, आणि शक्य असेल तर एकाऐवजी तीन-चार रायफली शेजारी ठेवून निवड करावी.

तिच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगता येते. बोल्ट सैलसर बसतो, त्यामुळे धूळ गेली तरी तो अडत नाही. आपल्या भागातल्या काळ्या मातीची फुफाट्यासारखी धूळ ज्यांनी मार्च ते मे सोसली आहे, त्यांना या सैलपणाचे मोल वेगळे सांगायला नको.

सोलापूरच्या हवेत लाकडी दस्ता टिकतो का, की सिंथेटिक घ्यावा?

लाकूड टिकते, प्रश्न ते हलण्याचा आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी असते, मग जूनअखेरीस आर्द्रता वाढते. अक्रोडाचा दस्ता या चक्रात तंतूंच्या आडव्या दिशेने आकसतो आणि फुगतो, आणि ज्या दस्त्याला आतून तेल किंवा लाखेचा थर दिलेलाच नाही तो जास्त. परिणाम असा की उन्हाळ्यात स्क्रू ढिले पडतात आणि पावसाळ्यात दस्त्याचे लाकूड नळीला एका बाजूने दाबू लागते. नळी मोकळी ठेवण्याचा आराखडा असेल तर पोस्टकार्ड नळी आणि दस्त्यामधून रिसिव्हरपर्यंत सहज सरकले पाहिजे. ली-एनफील्ड वळणाच्या रायफलींत मात्र दस्ता नळीला काही ठिकाणी मुद्दाम टेकवलेला असतो, तेथे ही कसोटी लावून लाकूड तासायला घेऊ नये.

सिंथेटिकमध्येही दोन जाती आहेत. साचातून काढलेले स्वस्त प्लास्टिक पुढच्या टोकाला बोटांनी दाबले की वाकते आणि नळीला टेकते. काचतंतूंचे किंवा आत ॲल्युमिनियमचा सांगाडा असलेले वाकत नाही. घडणीची तुलना करताना 'लाकूड की सिंथेटिक' यापेक्षा रिसिव्हर कशावर बसला आहे, स्क्रूंभोवती धातूचे खांब आहेत काय, हे विचारणे उपयोगी पडते. रायफल मोटारीच्या डिकीत दुपारभर ठेवणे दोन्ही प्रकारांना वाईट आहे.

जाहिरातीतला 'एक इंचाचा गट' घडणीचा पुरावा मानावा काय?

गट म्हणजे कागदावर गोळ्या जेवढ्या जागेत पडल्या ती जागा. तो किती गोळ्यांचा, हे आधी विचारावे. १०० मीटरवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर. तीन गोळ्यांचा गट अनेकदा फसवा असतो. संख्याशास्त्रानुसार त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा गट सरासरीने तीन गोळ्यांच्या गटाच्या सुमारे दीडपट मोठा येतो, रायफलीत काहीही न बिघडता. म्हणजे तीन गोळ्यांचे तीन सेंटिमीटर आणि दहा गोळ्यांचे साडेचार सेंटिमीटर या दोन रायफली प्रत्यक्षात सारख्याच असू शकतात. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली असल्यामुळे मोठे गट वारंवार घेता येत नाहीत. मग पाच-पाच गोळ्यांचे दोन गट, मध्ये नळी पूर्ण थंड करून, अधिकृत रेंजवर, एकाच खोक्यातील काडतुसांनी घ्यावेत आणि दोन्ही गटांचे मध्य एकमेकांपासून किती सरकले ते पाहावे. मध्य जागेवर राहणे हा गटाच्या आकारापेक्षा घडणीचा चांगला पुरावा आहे.

जुनी रायफल घेताना विक्रेत्याकडे काय तपासावे?

बोल्ट, रिसिव्हर आणि नळी यांवरचे क्रमांक परवान्याशी आणि एकमेकांशी जुळतात का, हे पहिले. बोल्ट बदललेला असेल तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे चेंबरात काडतुसासाठी राहणारी जागा, पुन्हा मोजलाच पाहिजे. यात मोकळीक किती थोडी असते ते पाहा: .३०८ काडतुसासाठी 'गो' (ज्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे) आणि 'नो-गो' (ज्यावर तो बंद होता कामा नये) गेजमधील अंतर अवघे एक दशांश मिलिमीटर आहे. कड असलेल्या .३१५ मध्ये मोजमाप कडेवरून होते, पण गेज लागतोच. काडतूस घालून अंदाज घेणे ही कसोटी नव्हे.

नंतर नळी. आतून प्रकाश पाडून पाहताना काळसर कड्यासारखी सावली दिसली तर तेथे नळी फुगली असण्याची शक्यता आहे. चेंबरपुढे बारीक खड्डे असतील तर ते बहुधा जुन्या क्षारयुक्त प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) काडतुसांचे आणि पाण्याने न धुतलेल्या नळीचे फळ असते. तोंडाशी आटे एका बाजूने झिजलेले असतील तर ती नळी साफ करायच्या पुलथ्रूच्या दोरीची घासण. दस्ता काढून रिसिव्हरच्या मागच्या शेपटीजवळ केसासारखी चीर आहे का ते पाहावे. स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या झाल्या असतील तर कोणीतरी चुकीच्या पेचकसाने घरी प्रयोग केले आहेत, आणि न दिसणारे प्रयोगही झाले असतील असे धरून चालावे.

युरोपातील रायफलींवर प्रूफचे, म्हणजे दाबाच्या चाचणीचे, ठसे असतात. सीआयपी (शस्त्रचाचणीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) पद्धतीत रायफल कमाल दाबाच्या सव्वापट दाबाच्या काडतुसाने झाडून पाहिल्यावरच ठसा मिळतो. ठसा त्या दिवसाची ताकद सांगतो, नंतरच्या साठ वर्षांच्या वापराची नव्हे.

मुलामा आणि गंज यांचे काय?

चकचकीत ब्ल्यूइंग सुंदर दिसते, पण गंजापासून संरक्षण जुजबी देते. घामेजल्या हाताचे ठसे एका रात्रीत उमटतात. खरखरीत फॉस्फेटचा थर तेल धरून ठेवतो. नायट्राइड प्रक्रिया पृष्ठभागच कठीण करते. स्टेनलेसही गंजते, फक्त उशिरा.

दोष दिसला तर एमआयडीसीतील ओळखीच्या टर्नरकडून दुरुस्त करून घेता येईल काय?

नाही. त्याचे कसब कितीही उत्तम असले तरी अग्निशस्त्राची दुरुस्ती किंवा चाचणी हा व्यवसाय शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि नळी आखूड करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा दुरुस्तीकाराकडेच जावे आणि पावती जपून ठेवावी. बदलाची नोंद परवान्यावर लागते काय, हे शहरात पोलीस आयुक्तालयात आणि उर्वरित जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे.

दुर्बीण बसवायची असेल तर कोणती घडण सोयीची?

ज्या रिसिव्हरवर कारखान्यातच भोके पाडून आटे दिलेले आहेत, तीच. टिक्का आणि साको रिसिव्हरवर माउंटसाठी खोबणी कापूनच देतात. गोल रिसिव्हरच्या रेमिंग्टनला चार भोके असतात आणि ती नळीच्या अक्षाशी सरळ रेषेत आहेत का, हे माउंट बसवताना लगेच कळते. दुर्बिणीचा आडवा समायोजक एका टोकाला जाऊन संपत असेल तर भोके तिरकी आहेत. .३१५ च्या मागे-पुढे उघड्या रिसिव्हरला अशी सोय नसते. कठीण झालेल्या जुन्या पोलादात नव्याने भोक पाडणे परवानाधारक दुरुस्तीकारानेच करावे. माझे मत विचाराल तर पाडूच नये: तिच्या खुल्या माशा तिच्या काडतुसाच्या पल्ल्यासाठी पुरेशा आहेत.